बेट सुटले आणि ताप आला: पेंग्विनच्या मलेरियाचा इतिहास

आफ्रिकन पेंग्विन फक्त नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वीण घालतो. जगात दुसरीकडे कुठेही नाही. इचाबो, डॅसेन, रॉबेन, डायर, सेंट क्रॉई ही त्याची पिढीजात बेटे. त्यांतली बरीचशी म्हणजे वाऱ्याने झोडपलेले उघडे खडक. झाडझाडोरा जवळपास नाही, साचलेले गोडे पाणी नाही, आणि पश्चिम किनाऱ्यावर बेंग्वेला प्रवाहाच्या गार पाण्याचा वेढा. डासांची पैदास व्हायला साचलेले पाणी लागते, ऊब लागते आणि पडलेला वारा लागतो. या खडकांवर तिन्हींची वानवा होती. त्यामुळे डासांतून येणाऱ्या रोगाशी झुंजण्याची गरजच या पक्ष्याला फारशी पडली नाही, आणि तशी ताकदही त्याच्या रक्तात पुरेशी तयार झाली नाही. त्याला वाचवत होती ती त्याची जागा. गेल्या दोनशे वर्षांत माणसाने आधी त्या जागेची नासाडी केली, आणि मग या पक्ष्याला वाचवण्यासाठी उचलून डासांच्या वस्तीत आणून ठेवले. पेंग्विनच्या मलेरियाचा इतिहास हा मुख्यतः या दोन कृतींचा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे. या म्हणण्यावर वजनदार आक्षेप आहेत आणि त्यांची उत्तरे द्यावीच लागतील. पण आधी पुरावा पाहू.

पक्ष्यांच्या रक्तातले मलेरियाचे परजीवी खार्कीवचे शास्त्रज्ञ वासिली डॅनिलेव्स्की यांनी 1880च्या दशकात अभ्यासले. डास आणि परजीवी यांचे नाते मात्र भारतात सिद्ध झाले. रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट 1897 मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात माणसाच्या मलेरियाचा परजीवी पाहिला आणि पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला आले. मुंबई-पुण्याकडे प्लेगचे थैमान चालू होते, त्याची आणि टोचून घेण्याची धास्ती कलकत्त्यापर्यंत पोचली होती, आणि बोटाला सुई लावू द्यायला माणसे तयार होईनात. रॉस यांनी मग पक्षी घेतले. परजीवी डासाच्या पोटातून त्याच्या लाळग्रंथीत पोचतो आणि त्या डासाच्या चाव्याने निरोगी चिमण्यांना लागण होते, हे त्यांनी जुलै 1898 मध्ये दाखवून दिले. 1902 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चिमण्यांमधला तो परजीवी आज प्लास्मोडियम रिलिक्टम या नावाने ओळखला जातो. माणसाचा मलेरिया ॲनोफिलीस डास पसरवतो; पक्ष्यांचा हा मलेरिया मुख्यतः गटारात आणि डबक्यात वाढणारा क्युलेक्स पसरवतो, आणि तो माणसाला होत नाही. चिमण्यांसारखे पक्षी हा परजीवी बहुधा अंगावर काढतात, कारण दोघांचा सहवास फार जुना आहे. तोच परजीवी पेंग्विनच्या अंगात शिरला, की गोष्ट पार बदलते.

ती किती बदलते हे सर्वांत आधी प्राणिसंग्रहालयांना कळले. 1920च्या दशकात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका किंग पेंग्विनमध्ये मलेरियाची नोंद झाली. पुढे अँटवर्पहून, मग अमेरिकेतल्या सॅन डिएगो आणि बाल्टिमोरहून अशाच नोंदी येत राहिल्या. 1944 साली फँटम आणि पोर्टर या संशोधकांनी पेंग्विनच्या चार जातींमध्ये आढळलेल्या परजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले. या नोंदींमध्ये एकच आकृतिबंध पुन्हा पुन्हा दिसतो: दक्षिण गोलार्धातला पक्षी उत्तरेकडच्या शहरात उघड्या हौदाभोवती ठेवलेला, पहिला उन्हाळा, आणि अचानक मृत्यू. 1986 साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात, समुद्रापासून शेकडो मैल आत, रानातून पकडून आणलेल्या मॅगेलॅनिक पेंग्विनच्या एका कळपात ही साथ शिरली आणि कळपातले बहुतेक पक्षी दगावले. तिथल्या चिमण्या-साळुंक्यांसारख्या पक्ष्यांच्या रक्तात परजीवी आधीपासून होता, तो वाहून नेणारे डास होते. कमी होती ती फक्त बळी पडणाऱ्या पक्ष्याची. ती माणसाने भरून काढली. उलटही घडू शकते. हवाई बेटांवर पेंग्विन नाहीत, पण 1826च्या सुमारास जहाजाच्या पाण्यातून तिथे क्युलेक्स डास पोचला, पुढे परजीवीही आला, आणि त्या बेटांवरच्या मूळच्या रानपक्ष्यांचा मोठा संहार झाला. पक्षी डासाकडे न्या किंवा डास पक्ष्याकडे आणा, परिणाम तोच.

आता पुन्हा आफ्रिकेच्या बेटांकडे वळू, कारण तिथला पेंग्विन बेटावरून एका दिवसात उठला नाही. 1497 साली वास्को द गामाचा ताफा भारताच्या वाटेवर मॉसेल बे इथे थांबला, तेव्हा त्या सफरीच्या रोजनिशीत न उडणाऱ्या आणि गाढवासारख्या ओरडणाऱ्या पक्ष्यांची नोंद झाली, आणि खलाशांनी ते हवे तितके मारले हेही तिथेच लिहिले गेले. 1652 नंतर केप इथे डचांची वसाहत झाली आणि पेंग्विनचे मांस व अंडी हा जहाजांच्या शिध्याचा भाग बनला. खरा घाव बसला एकोणिसाव्या शतकात. इचाबो बेटावर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचा, म्हणजे ग्वानोचा, कित्येक मीटर जाडीचा थर साचला होता. युरोपातल्या शेतीला ते उत्तम खत ठरले. 1843 ते 1845 या अवघ्या दोन वर्षांत शेकडो जहाजांनी तो थर खडकापर्यंत खरवडून नेला. पेंग्विन याच थरात बिळे करून अंडी घालत असे. बीळ गेले तसे अंडे आणि पिल्लू उन्हात, पावसात आणि पिल्ले उचलणाऱ्या पक्ष्यांच्या नजरेत उघडे पडले. त्यावर अंड्यांचा व्यापार आला. एकट्या डॅसेन बेटावरून दरवर्षी लाखो अंडी केप टाउनच्या बाजारात जात. 1900 ते 1930 या काळात बेटांवरून सुमारे 1 कोटी 30 लाख अंडी गोळा केली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. 1960च्या दशकाच्या अखेरीस हा धंदा बंद झाला. या दोन धंद्यांनी मलेरिया आणला नाही. त्यांनी पक्ष्यांची संख्या इतकी खाली आणली की पुढे प्रत्येक पक्षी मोलाचा ठरला, आणि आजारी पक्षी उचलून आणून बरा करण्याची वेळ आली.

ती वेळ तेलाने आणली. 1967 साली सुएझ कालवा बंद पडला आणि 1975पर्यंत बंदच राहिला. आखातातले तेल युरोपकडे नेणारी जहाजे केपला वळसा घालून जाऊ लागली, म्हणजे पेंग्विनच्या मासेमारीच्या पाण्यातूनच. एप्रिल 1968 मध्ये एसो एसेन या जहाजातून तेल सांडले आणि काळवंडलेले पेंग्विन किनाऱ्याला लागले. अल्थिया वेस्टफाल या केप टाउनच्या बाईंनी ते पक्षी स्वतःच्या घरी आणून धुतले, आणि त्याच वर्षी सॅनकॉब ही संस्था उभी राहिली. जून 1994 मध्ये अपोलो सी बुडाले आणि सुमारे 10 हजार पेंग्विन तेलात सापडले. त्यांतले निम्मे वाचले. 23 जून 2000 रोजी रॉबेन आणि डॅसेन या दोन बेटांच्या मधोमध ट्रेझर हे जहाज बुडाले. या वेळी सुमारे 19 हजार तेलकट पेंग्विन केप टाउनला आणले गेले, जगभरातून आलेल्या हजारो स्वयंसेवकांनी ते एकेक करून धुतले, आणि दहातले नऊ पक्षी समुद्रात परतले. एका प्राण्यासाठी माणसांनी इतक्या मोठ्या प्रमाणावर केलेली अशी सेवा इतिहासात क्वचितच सापडते. तिचा गौरव करावा तितका थोडा आहे, आणि पुढे जे लिहितो आहे ते तो गौरव कमी करण्यासाठी लिहीत नाही.

पण सेवा करायला जागा लागते, आणि ती जागा मुख्य भूमीवर होती. सॅनकॉबचे केंद्र केप टाउनच्या उत्तरेला टेबल व्ह्यू भागात, रीटफ्लाय या पाणथळीच्या शेजारी आहे. पाणथळीत पक्षी आहेत, पक्ष्यांच्या रक्तात परजीवी आहे, आणि उन्हाळा लागला की डास आहेत. अशा शेजारात तेलाने खंगलेला पेंग्विन येऊन बसतो. पिसांवरचे तेल चोचीने काढताना त्याने ते गिळलेले असते, त्यामुळे त्याच्या लाल पेशी फुटलेल्या असतात. पोट रिकामे, अंगातली ऊब गेलेली, शिवाय माणसाच्या हाताळण्याचा ताण. मलेरियाचा परजीवीही लाल पेशींवरच घाला घालतो. पेंग्विनमध्ये तो याहून वाईट करतो. रक्तात दिसण्याआधीच तो फुप्फुस, यकृत आणि प्लीहा यांच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात वाढतो. फुप्फुसात पाणी भरते आणि काल व्यवस्थित मासे खाणारा पक्षी सकाळी मेलेला सापडतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून तपासला तर कित्येकदा काहीच दिसत नाही, आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. केंद्रांमध्ये म्हणूनच नियमित रक्ततपासणी, माणसाच्या मलेरियावरचीच क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विन ही औषधे, जाळ्या, आणि साचलेले पाणी काढून टाकणे या गोष्टी दैनंदिन कामाचा भाग झाल्या. 2006नंतर एक नवा धोका वाढला. आफ्रिकन पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसे टाकतो. तेवढे आठवडे तो पाण्यात जाऊ शकत नाही, म्हणून पिल्लांना भरवूही शकत नाही. मासे कमी पडून वीण लांबली, की आईबाप अपुऱ्या वाढलेल्या पिल्लांना सोडून पिसे टाकायला बसतात. ही पोरकी पिल्ले उचलून वाढवण्याचे मोठे काम सुरू झाले, पण पिसे टाकण्याचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरचा, म्हणजे केपच्या उन्हाळ्याचा. सगळ्यांत कोवळे पक्षी आणि सगळ्यांत जास्त डास एकाच वेळी एकाच आवारात येतात.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. मलेरिया जर केंद्रात होतो, तर तो रानातल्या पेंग्विनमध्ये कसा सापडला? 1992 साली जे. जे. ब्रॉसी यांनी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या रानटी आणि बंदिस्त अशा दोन्ही पेंग्विनमधल्या मलेरियाची माहिती प्रसिद्ध केली. पुढे 1995च्या सुमारास रक्तातल्या प्रतिपिंडांच्या चाचण्या झाल्या, आणि केंद्राची पायरी कधीच न चढलेल्या पक्ष्यांमध्येही परजीवीशी गाठ पडल्याच्या खुणा मिळाल्या. हा पुरावा मी पूर्णपणे मान्य करतो. मलेरिया केवळ पिंजऱ्यात तयार झाला असे म्हणणे चूक ठरेल. मात्र या पुराव्यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही मूळ मुद्द्याला बळ देतात. पहिली अशी की गाठ पडणे आणि साथीने मरणे यांत मोठे अंतर आहे. बेटावर मोकळ्या वाऱ्यात एखाददुसरा चावा बसतो, पक्षी धडधाकट असतो, आणि बहुधा तो निभावून नेतो. आवारात तोच चावा रोज रात्री आणि आधीच दुबळ्या झालेल्या शरीराला बसतो. दुसरी अशी की आजचा रानटी पेंग्विनही दोनशे वर्षांपूर्वीच्या जागी राहिलेला नाही. 1980च्या दशकात त्याने सायमन्स टाउनजवळ बोल्डर्स इथे आणि बेटीज बे इथल्या स्टोनी पॉइंटला मुख्य भूमीवर वसाहती केल्या. मुख्य भूमीवरचे बिबट्यासारखे शिकारी प्राणी माणसाने हटवले होते, म्हणून हे शक्य झाले. तिथे घरे आहेत, बागा आहेत, गटारे आहेत. रॉबेन बेटावरही माणसाची जुनी वस्ती आहे. रानटी म्हणून ज्याची गणना करतो, तो पक्षीही माणसाच्या शेजारात आलेला आहे.

दुसरा आक्षेप जास्त कडक आहे, आणि तो संवर्धनाच्या क्षेत्रातूनच आला. बंदिस्त पक्ष्यांना जडलेले रोग ते सुटून गेल्यावर रानात पसरतात का, हा प्रश्न ब्रॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली स्पष्टपणे मांडला. उत्तर होकारार्थी असेल तर काही हजार पक्षी वाचवण्यासाठी आपण सगळी जातच धोक्यात घालत आहोत, आणि मग केंद्रे बंद करणे शहाणपणाचे ठरेल, असा तर्क त्यातून काढता येतो. मला तो तर्क पटत नाही, त्याची कारणे अशी. मलेरिया पेंग्विनकडून पेंग्विनला थेट लागत नाही. मध्ये डास लागतो. बरा होऊन डासविरळ बेटावर परतलेला पक्षी रक्तात थोडे परजीवी घेऊन गेला, तरी तो तिथे साथ पेटवू शकेल अशी परिस्थिती नसते. मुख्य भूमीवरच्या वसाहतीत तशी शक्यता अधिक, आणि म्हणूनच सोडण्याआधीची रक्ततपासणी ही टाळता न येणारी पायरी आहे. दुसरे कारण प्रत्यक्ष नोंदींचे. पंखांवर पट्ट्या लावून सोडलेले पेंग्विन पुढे वर्षानुवर्षे वसाहतींमध्ये दिसत राहिले, त्यांनी जोड्या जमवल्या, पिल्ले वाढवली. तेल धुतलेल्या काही जोड्यांना पिल्ले वाढवण्यात कमी यश आले, हेही नोंदले गेले आहे आणि ते लपवू नये. पण हाताने वाढवलेली पोरकी पिल्ले पुढे जवळजवळ रानात वाढलेल्या पिल्लांइतकीच जगतात, असे अभ्यासातून दिसून आले. सेवा उपयोगी पडते. प्रश्न तिच्या पद्धतीचा आहे.

पद्धतीचा सर्वांत मोठा धडाही ट्रेझरच्या घटनेतच सापडतो. तेल लागलेले पक्षी धुतले गेले, ही त्या बचावाची अर्धी कथा. उरलेली अर्धी अशी की तेल न लागलेले सुमारे 19 हजार 500 पेंग्विन बेटांवरून उचलून ट्रकने जवळजवळ 800 किलोमीटर पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन समुद्रात सोडले गेले. ते पोहत घरी परतायला दोन-तीन आठवडे लागतील आणि तोवर पाणी स्वच्छ होईल, हा हिशोब होता. पीटर, पॅमेला आणि पर्सी अशी नावे दिलेल्या तीन पक्ष्यांचा प्रवास उपग्रहावरून जगाने पाहिला आणि हिशोब बरोबर ठरला. या पक्ष्यांना ना हौद लागला, ना औषध, ना जाळी. माणसाने त्यांना शक्य तितका कमी वेळ जवळ ठेवले आणि उरलेले काम समुद्रावर सोडले. ज्याचे संरक्षण जागेत आहे त्या प्राण्याच्या बाबतीत हेच तत्त्व योग्य. आवारातला प्रत्येक जादा दिवस हा उपचाराचा खर्च धरला पाहिजे, आणि जाळी ही औषधाच्या आधी आली पाहिजे.

तिसरा आक्षेप असा की मलेरियाची इतकी चर्चा हवी कशाला? आफ्रिकन पेंग्विन मरतो आहे तो उपासमारीने. सार्डीन आणि अँकोव्ही हे त्याचे मुख्य मासे मोठ्या जाळ्यांनी उपसले गेले आणि पाणी तापल्याने त्यांचे थवे पूर्वेला सरकले. ऑक्टोबर 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या पक्ष्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी केली. आता 10 हजारांहून कमी जोड्या उरल्या आहेत. हे सगळे खरे आहे. उपासमार हे मूळ आणि मलेरिया ही फांदी, हे मी मान्य करतो. पण मुळाचा आणि फांदीचा संबंध तोडता येत नाही. मासे कमी म्हणून पिल्ले पोरकी, पोरकी म्हणून केंद्रात, केंद्रात म्हणून डासाच्या तोंडी: ही साखळी समजल्याशिवाय मलेरिया केवळ वैद्यकीय प्रश्न वाटेल आणि नव्या औषधाने सुटेल अशी आशा वाटत राहील. शिवाय ज्या जातीच्या इतक्या थोड्या जोड्या उरल्या आहेत, तिच्यात एका उन्हाळ्यात एका आवारातले काही डझन पक्षी जाणे ही किरकोळ गोष्ट राहत नाही. गॅलापागोस बेटांवर 1980च्या दशकात क्युलेक्स डास नोंदला गेला आणि 2009 साली तिथल्या पेंग्विनच्या रक्तात प्लास्मोडियम सापडल्याचे जाहीर झाले. तिथे पक्षी आजारी दिसले नाहीत, पण इशारा पुरेसा आहे. हवा तापेल तसा डास आणखी दक्षिणेकडे आणि आणखी महिने टिकेल.

मराठी वाचकाचा या विषयाशी एक सरळ संबंध आहे. जुलै 2016 मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले, आणि मार्च 2017पासून लोक त्यांना पाहू लागले. मुंबई हे क्युलेक्स डासांचे माहेरघर आहे. तिथे हे पक्षी राहतात ते बंदिस्त, थंड राखलेल्या दालनात. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याने त्यांना जे मोफत दिले होते ते काच, यंत्रे आणि वीज लावून तिथे रोज नव्याने उभे करावे लागते. ते दालन पाहताना मुलांना हेही सांगावे की या पक्ष्याला जपायचे तर आधी त्याचा किनारा जपावा लागतो. त्या दिशेने एक ठोस पाऊल पडले आहे. पक्षिसंवर्धन संस्थांनी नेलेल्या खटल्यात, मार्च 2025 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयाने डॅसेन, रॉबेन, डायर, सेंट क्रॉई, बर्ड आयलंड आणि स्टोनी पॉइंट या सहा वसाहतींभोवतीच्या ठरवलेल्या पाण्यात सार्डीन आणि अँकोव्हीच्या व्यापारी मासेमारीला दहा वर्षे बंदी घातली. वादी संस्थांमध्ये सॅनकॉबही होती. सत्तावन्न वर्षे पेंग्विन धुणाऱ्या, भरवणाऱ्या आणि त्यांच्या रक्तात मलेरिया शोधणाऱ्या संस्थेने समुद्राच्या हक्कासाठी न्यायालयात जावे, हाच या इतिहासाचा योग्य निष्कर्ष आहे.